पत्नीकडून पतीवर होणारी हिंसा: तपासता येईल अशी परिकल्पना कशी मांडायची?

ओंजळ:

एम.ए. समाजशास्त्र, चौथं सत्र. लघुप्रबंधाचा विषय ‘विवाहित पुरुषांवरील कौटुंबिक अत्याचार’. विषय मंजूर आहे, पण सिनॉप्सिस परत आली. गाईडचा शेरा एका ओळीचा: परिकल्पना चाचणीयोग्य नाहीत. मांडलेल्या परिकल्पना अशा:

१) अलीकडच्या काळात पुरुषांवरील अत्याचारात वाढ झाली आहे.
२) सामाजिक प्रतिष्ठेपोटी पुरुष अत्याचाराची तक्रार करत नाहीत.
३) कमावत्या स्त्रिया पतीचा अधिक छळ करतात.

साधन गुगल फॉर्म. नमुना १०० ते १५० पुरुष, ओळखीतून आणि पुरुषहक्कवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून. दुय्यम माहिती एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) घेणार होते. हातात पाच महिने आहेत, क्षेत्र पुणे शहर. यातलं काय वाचवता येईल? आणि सीटीएस (कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल) नावाची, जोडीदारांमधली हिंसा मोजणारी श्रेणी वापरा असं कुणी सुचवलंय, ती घ्यावी का?

आकडेमोड:

गाईडचं बरोबर आहे. परिकल्पना खोटी ठरवायला कोणता निकाल यावा लागेल, हे माहिती गोळा करण्याआधी लिहिता आलं पाहिजे. तुमच्या तिन्ही वाक्यांत ते लिहिता येत नाही. ती मतं आहेत.

पहिलीत ‘वाढ’ आहे. वाढ दाखवायची तर किमान दोन वेळची मोजणी हवी, त्याच प्रश्नांनी आणि सारख्याच लोकांत. पुरुषांना हे विचारणारी राष्ट्रीय मालिकाच आपल्याकडे नाही. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१) मध्ये हिंसेचा विभाग १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपुरता होता. १५ ते ५४ वयाच्या पुरुषांना विचारलं ते एवढंच, की नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं. तेव्हा पहिली सरळ काढून टाका, ती दुरुस्त होण्यातली नाही.

दुसरी स्वतःभोवतीच फिरते. जो कुणाशीच बोलत नाही तो तुमचा फॉर्म तरी का भरेल? शिवाय ‘प्रतिष्ठेपोटी’ म्हणून कारण आधीच ठरवून टाकलंय. तिचं चाचणीयोग्य रूप असं होईल: हिंसेचा अनुभव असलेल्या पुरुषांत, पुरुषत्वाच्या पारंपरिक कल्पनांवरचा गुणांक जितका जास्त तितकं कुणाला तरी सांगण्याचं प्रमाण कमी. वाक्य उत्तम, पण नमुना पुरणार नाही. हरियाणाच्या ग्रामीण भागात १००० विवाहित पुरुषांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात कधीतरी पत्नीकडून हिंसा झाल्याचं ५१.५ टक्क्यांनी सांगितलं, गेल्या १२ महिन्यांत झाल्याचं १०.५ टक्क्यांनी. हे १२ महिन्यांचं प्रमाण धरलं तर ४०० पुरुष भेटून तुमच्या हाती लागतील ४२. एवढ्यांत ८० टक्के पॉवरने (म्हणजे संबंध खरा असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता धरून) फक्त ०.४२ किंवा त्याहून मोठा सहसंबंध पकडता येतो आणि वर्तनाच्या अभ्यासात इतका मोठा सहसंबंध क्वचितच मिळतो. मग ‘संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहाल आणि तो निष्कर्ष नमुन्याच्या तुटपुंजेपणाचा असेल.

तिसरी त्यातल्या त्यात जवळची. पण कमावती म्हणजे काय? दरमहा किती, पतीपेक्षा जास्त की कमी, घरबसल्या डबे करून देणारी धरायची का? आणि कमावत्या बायका शहरात, विभक्त कुटुंबात, जास्त शिकलेल्या घरांत अधिक असतात. फरक दिसलाच तर तो कमाईचा की यातल्या कशाचा, हे १०० फॉर्मांतून वेगळं काढता येणार नाही. नवऱ्याची नोकरी गेलीय म्हणून ती कमवायला लागली आणि घरात भांडणंही वाढली, असंही असू शकतं.

हरियाणाच्या आकड्यांवरून आणखी एक शिका. ‘निम्मे नवरे पीडित’ अशा मथळ्याला ५१.५ पुरेसा आहे. पण शारीरिक हिंसा सांगणारे एकूण पुरुषांत ६ टक्के आहेत, बाकी जवळजवळ सगळी भावनिक. आणि साधारण निम्म्या प्रकरणांत सुरुवात पतीनेच केल्याचं त्याच अभ्यासात नोंदवलंय. एका अभ्यासातून ५१, १० किंवा ६ असा कुठलाही आकडा उचलता येतो. म्हणून परिकल्पनेत कालावधी आणि हिंसेचा प्रकार हे दोन्ही शब्दांत आलेच पाहिजेत.

वहीबाहेर:

मोजमापाचं सांगते, कारण खरी गाडी तिथेच अडते.

‘तुमचा छळ होतो का?’ असं विचारू नका. बहुतेक पुरुष नाही म्हणतील, आणि ज्यांची केस कोर्टात चालू आहे ते सगळे हो म्हणतील. कृती विचारायची, निवाडा नाही. सीटीएसचं मूळ तत्त्व हेच आहे. मरे स्ट्रॉस यांनी ती १९७९ मध्ये मांडली, १९९६ मध्ये सुधारित आवृत्ती आली. सुधारित सीटीएस-२ मध्ये ३९ वर्तनं आहेत आणि प्रत्येक दोनदा विचारतात, मी केलं आणि जोडीदाराने केलं, म्हणून ७८ प्रश्न. उपश्रेणी पाच: वाटाघाट, मानसिक आक्रमकता, शारीरिक हल्ला, लैंगिक बळजबरी, इजा. गेल्या वर्षात किती वेळा, याला एकदा, दोनदा, ३ ते ५, ६ ते १०, ११ ते २०, २० हून जास्त असे पर्याय. गुण देताना मधली संख्या घेतात: ३ ते ५ ला ४, मग ८, १५, आणि शेवटच्याला २५. ‘यंदा नाही, पूर्वी झालं होतं’ हा पर्याय वेगळा आहे. त्याला वर्षभराच्या मोजणीत शून्यच द्यायचं. पुष्कळ लघुप्रबंधांत त्याला चढत्या क्रमाने ७ गुण दिलेले असतात आणि दहा वर्षांपूर्वीची एक थप्पड वर्षात पाच वेळा मारलेल्यापेक्षा भारी ठरते.

अडचणी तीन. ती स्वामित्वहक्काची आहे, परवानगीशिवाय छापता येत नाही. ७८ प्रश्न पुरुष दारात उभं राहून भरत नाहीत. आणि ती कृती मोजते, पण कोणी सुरू केलं, कोणाला भीती वाटली, स्वतःला वाचवायला हात उगारला का, हे विचारत नाही. या श्रेणीवरची जुनी टीका हीच आहे. २० प्रश्नांचं छोटं रूपही आहे, पण परवानगीचा आणि संदर्भाचा प्रश्न तिथेही उरतोच.

मी असते तर एनएफएचएसमधले कृतिप्रश्न घेऊन उलटे वळवले असते. ते उघड उपलब्ध आहेत आणि इथल्या क्षेत्रकार्यात घासून निघालेत. शारीरिक सात प्रश्न: ढकलणं किंवा वस्तू फेकून मारणं, थप्पड, हात पिरगाळणं किंवा केस ओढणं, बुक्की मारणं, लाथ मारणं वा फरफटणं, गळा दाबणं वा भाजणं, शस्त्राचा धाक. भावनिक तीन: लोकांसमोर पाणउतारा, इजा करण्याची धमकी, अपमान करून कमी लेखणं. त्यात इथले पाच-सहा प्रश्न घाला: मुलांना भेटू न देणं, पगार पूर्ण काढून घेणं, आईवडिलांशी बोलायला मनाई, फोन तपासणं, अंगावर जाऊन ओरडणं. प्रत्येकाला ‘गेल्या १२ महिन्यांत किती वेळा’. शेवटी भीतीचा एक प्रश्न: पत्नीची भीती वाटते का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. हाही स्त्रियांना विचारतातच.

‘माहेरी निघून गेली’ हा प्रश्न घालायचा मोह होईल. घालू नका. मार खाऊन माहेरी गेलेली बाई आणि अद्दल घडवायला गेलेली बाई एकाच खुणेत येतात.

भाषा लिहून झाली की ती पाच-सहा विवाहित पुरुषांना मोठ्याने वाचायला द्या आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला ते विचारा. ‘कमी लेखणं’ याचा अर्थ ‘पगार कमी आहे म्हणणं’ असा घेणारे भेटतील. मग ३० जणांवर पायलट. क्रोनबॅक अल्फा (यादीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढायला सांगतीलच. भावनिक भागाला ०.७० च्या वर येऊ द्या, शारीरिक भागात तो खाली आला तर घाबरू नका. ज्याला थप्पड बसली त्याचा गळा दाबलाच गेला असेल असं नसतं. विरळ घटनांच्या यादीला अल्फा नीट लागू पडत नाही. व्हायवात हे वाक्य पाठ ठेवा.

सडेतोड:

म्हणजे पुरुषाने ‘मला मारलं’ म्हटलं की आधी विचारायचं, तू सुरुवात केलीस का? बाईला असं विचारलं तर केवढा गदारोळ होईल! इतक्या अटी घातल्यावर पुरुषांचं दुःख कुठल्या अभ्यासात दिसणार?

वहीबाहेर:

बाईलाही विचारतातच. एनएफएचएसमध्ये स्त्रियांना थेट प्रश्न आहे: नवरा मारत नसताना तुम्ही स्वतः होऊन त्याला कधी मारलं का? आणि प्रश्न सुरुवातीपुरता नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांनी २००० साली कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिलं. कृती मोजल्या तर स्त्रिया किंचित पुढे, इजा मोजली तर जखमी झालेल्यांत ६२ टक्के स्त्रिया. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कोणती मोजतोय ते न सांगणारा अभ्यास कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही, समोरचा वकील दोन मिनिटांत तो पाडतो. आणि ज्या ३८ टक्के पुरुषांना इजा झाली ते कमी नाहीत. उलट भीती आणि इजा वेगळी मोजली तर खरोखर दहशतीत जगणारा नवरा कुरबुरीच्या ढिगाऱ्यातून वेगळा दिसतो. नाहीतर तो आणि ‘बायको टोमणे मारते’ म्हणणारा एकाच टक्केवारीत.

कलम_दुरुस्ती:

एनसीआरबीबद्दल, कारण तो भाग अजून कुणी घेतला नाही.

‘क्राइम इन इंडिया’मध्ये पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता असं शीर्षक आहे (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, क्रूरतेची व्याख्या ८६ मध्ये). त्याचं उलट शीर्षक नाही, कारण तसा वेगळा गुन्हाच नाही. मार खाल्लेला नवरा दुखापतीच्या कलमाखाली जाईल, पूर्वी ३२३, आता ११५. त्याची नोंद सगळ्या दुखापतींच्या ढिगात जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्रीच. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘प्रतिवादी’च्या व्याख्येतला ‘प्रौढ पुरुष’ शब्द गेला, पीडिताची व्याख्या तशीच राहिली. लोक त्या निकालाचा उलटा अर्थ लावतात, तुम्ही लावू नका. एकूण काय, नोंदलेले गुन्हे हा चल (मोजायची गोष्ट) म्हणून घेतलात तर उत्तर शून्य येईल आणि ते शून्य कायद्याच्या रचनेचं असेल, घरातल्या परिस्थितीचं नाही.

कौटुंबिक न्यायालयातल्या अर्जांवरही भिस्त ठेवू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(आयए) खाली क्रूरतेचं कारण नवऱ्यालाही मिळतं, पण अर्जात असतो तो आरोप. त्यातली बरीच प्रकरणं पुढे १३बी खाली परस्पर संमतीने मिटतात आणि तिथे कारण नोंदवावंच लागत नाही.

‘निर्दोष सुटले म्हणजे खोटी केस’ हे समीकरणही टाळा. पुरावा अपुरा, साक्षीदार उलटले, तडजोड झाली, सगळ्यांचा शेवट निर्दोष सुटण्यातच होतो. पोलिसांनी तपासाअंती ‘खोटी’ म्हणून बंद केलेल्या प्रकरणांचा रकाना वेगळा असतो. तोही पोलिसांचा निष्कर्ष आहे, एवढं लक्षात ठेवून वापरायचा.

आणि आत्महत्यांचा आकडा. २०२१ मध्ये ८१,०६३ विवाहित पुरुष आणि २८,६८० विवाहित स्त्रिया, हा आकडा प्रत्येक ग्रुपवर फिरतो. आकडा खरा आहे. पण त्या वर्षी एकूण १,६४,०३३ आत्महत्यांत पुरुष साधारण ७२ टक्के होते. म्हणजे पुरुषांचं प्रमाण सगळीकडेच जास्त आहे, लग्न हे त्याचं कारण ठरत नाही. ‘कौटुंबिक समस्या’ या कारणाचे ३३.२ टक्के आहेत, त्यात भावकी, आजारी आईवडील, वाटणीची भांडणं सगळं येतं. पत्नीकडून हिंसा हा रकानाच नाही. प्रस्तावनेत संदर्भ म्हणून एक ओळ चालेल, परिकल्पनेचा आधार म्हणून नाही.

प्रश्नावलीत ‘खोटी तक्रार करण्याची धमकी दिली का’ असं असेल तर ‘खोटी’ हा शब्द काढा. ती खोटी की खरी हे उत्तर देणाराच ठरवणार. ‘पोलिसांत तक्रार करण्याची धमकी दिली का’ एवढंच विचारा आणि त्याच १२ महिन्यांत तुम्ही पत्नीवर हात उगारला होता का, हे त्याच पानावर. मार खाणारी बाई ‘पोलिसांत जाईन’ म्हणते तेव्हा ती छळ करत नसते. उगारला नव्हता आणि तरी धमकी होती, असे पुरुष वेगळे काढता आले तर तो गट खरंच अभ्यासण्यासारखा आहे. परदेशात हाइन्स, डग्लस या संशोधकांनी कायदेशीर आणि प्रशासकीय यंत्रणेचा शस्त्रासारखा वापर मोजणारी श्रेणी २०१५ मध्ये मांडली आहे, ती जरूर बघा.

ओंजळ:

सगळ्यांचे आभार. तिन्ही परिकल्पना काढल्या. नवी अशी:

‘पत्नीकडून होणाऱ्या मानसिक छळाचा पतीच्या मानसिक आरोग्यावर लक्षणीय परिणाम होतो.’

मानसिक आरोग्यासाठी पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं विचारणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) घेईन. नमुना २०० पुरेल का? व्हॉट्सॲप ग्रुप तरी ठेवू का, कारण तिथे प्रतिसाद लगेच येतो?

आकडेमोड:

दिशा बरोबर आहे. आता हे वाक्य शब्दाशब्दाने सोलू.

‘परिणाम’ काढा. एकदाच माहिती घेणार आहात. उदास माणसाला बायकोचं साधं बोलणंही लागतं, आठवतंही जास्त. बाण उलटा असू शकतो. ‘संबंध’ लिहा, शीर्षकातही.

‘लक्षणीय’ काढा. विद्यापीठाच्या साच्यात हा शब्द सर्रास चालतो, पण लक्षणीयता ही तुमच्या नमुन्याच्या निकालाची गोष्ट आहे. परिकल्पना समष्टीबद्दल असते.

‘मानसिक छळ’ या जागी मोजलेल्या गोष्टीचं नाव. ‘मानसिक आरोग्य’ या जागी नैराश्याची लक्षणं, कारण पीएचक्यू तेवढंच मोजते. आणि कोणाबद्दल बोलतोय ते लिहा. सगळं घालून:

संशोधन परिकल्पना: पुणे महापालिका हद्दीतील, किमान तीन वर्षं विवाहित आणि पत्नीसोबत राहणाऱ्या २५ ते ५० वयाच्या पुरुषांमध्ये, गेल्या १२ महिन्यांतल्या पत्नीच्या मानसिक आक्रमकतेचा गुणांक आणि नैराश्य-लक्षणांचा गुणांक यांच्यात धन सहसंबंध आहे; पतीची स्वतःची आक्रमकता, वय, मासिक उत्पन्न आणि मद्यपान नियंत्रित केल्यावरही तो राहतो.

शून्य परिकल्पना: हे चार चल नियंत्रित केल्यावर त्या दोन गुणांकांतला आंशिक सहसंबंध शून्य आहे.

लांबलचक झालं, पण आता ती हरू शकते. पतीची स्वतःची आक्रमकता यातला कणा आहे. तेच प्रश्न ‘मी पत्नीला’ असे दुसऱ्यांदा विचारायचे. ज्या घरात दोघंही एकमेकांवर तुटून पडतात तिथे नैराश्याचा संबंध भांडणाशी असेल, बायकोच्या आक्रमकतेशी वेगळा काही उरणारच नाही. तसं निघालं तर तोही निष्कर्षच, आणि छापण्यासारखा.

‘पत्नीसोबत राहणाऱ्या’ या अटीमुळे विभक्त आणि केस चालू असलेले पुरुष वगळले जातात. ते मर्यादेत लिहा. त्यांना मिसळलंत तर १२ महिन्यांचा प्रश्नच लंगडा होतो, कारण वर्षभर जे भेटलेच नाहीत त्यांचं उत्तर शून्य.

नमुना: ०.२० इतका सहसंबंध ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळीवर पकडायला १९४ लागतात. चार नियंत्रित चलांचे चार मिळवा, १९८. पाचातला एक फॉर्म अर्धवट येईल असं धरा, म्हणजे २४८ भरून घ्या. २०० वर थांबलात तर शुद्ध फॉर्म १६० उरतील.

शारीरिक हिंसा हा मुख्य चल धरू नका. ६ टक्के धरले तर २४८ मध्ये १५ जण. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (हो-नाही उत्तरासाठीच्या विश्लेषणात) एका चलामागे साधारण १० घटना हव्यात, म्हणजे तुम्हाला दीड चल परवडतो. शारीरिक हिंसेचं फक्त वर्णन द्या, विश्वासांतरासह (खरा आकडा ज्यात असण्याची दाट शक्यता असते तो पल्ला).

व्हॉट्सॲप ग्रुप: नको. तिथले पुरुष त्रास झाला म्हणूनच तिथे आहेत. हाइन्स आणि डग्लस यांनी मदत मागितलेल्या ३०२ पुरुषांचा नमुना घेतला, पण त्याला सर्वसाधारण पुरुषांचा वेगळा ५२० जणांचा नमुना जोडला आणि दोन गट म्हणूनच तुलना केली. दोन्ही एका डब्यात ओतून टक्केवारी काढली नाही. तुम्हाला दुसरा गट उभा करायला वेळ नाही.

त्याऐवजी मतदार यादी. भागवार पीडीएफ मराठीत उतरवून घेता येते, वय आणि लिंग असतं. एका भागात २५ ते ५० चे समजा ३०० पुरुष निघाले, १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौथा घ्या, ७५ झाले. सात भागांत ५२५. काही अविवाहित, काही घर सोडून गेलेले, काही नाही म्हणणारे. निम्मे हाती लागले तरी २६२. भाग निवडतानाही चिठ्ठ्याच टाका, आपल्या घराजवळचे घेऊ नका. किती दारं वाजवली, किती भेटले, किती नाही म्हणाले, याचा तक्ता ठेवा. परीक्षक आधी तोच बघतात.

विश्लेषण: मानसिक आक्रमकतेचा गुणांक उजवीकडे लांब शेपटाचा येणार, बरेच शून्य आणि थोडे शंभरावर. आधी एक मिळवून लॉगरिदम घ्या किंवा स्पिअरमनचा आंशिक सहसंबंध काढा. कोणतं करणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहा, दोन्ही करून बरं दिसेल ते ठेवायचं नाही. जॅमोव्ही हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि हे सगळं करतं.

फिरायला जमणार नसेल तर दुसरी वाट. एनएफएचएस-५ ची मूळ फाईल नोंदणी करून मागता येते. त्यात डी-११२ हा चल म्हणजे वर सांगितलेला प्रश्न: नवरा मारत नसताना बायकोने त्याला मारलं का. नवऱ्याचं दारूच्या नशेत असणं डी-११४, तिच्या वडिलांनी आईला मारलं का डी-१२१, नवऱ्याची शारीरिक हिंसा डी-१०६ आणि १०७. परिकल्पना: नवऱ्याची हिंसा नियंत्रित केल्यावरही, लहानपणी घरात मारहाण पाहिलेल्या स्त्रियांत डी-११२ ला ‘हो’ येण्याची शक्यता जास्त. वजन (नमुन्यातली असमान निवड भरून काढणारा आकडा) डी-००५ चं लावायचं आणि दहा लाखांनी भागायचं. नेहमीचं वजन लावलंत तर सगळं चुकलं, कारण हिंसेचा विभाग थोड्याच घरांत आणि घरातल्या एकाच बाईला विचारलेला असतो. मर्यादा उघड आहे: मारणारीच सांगतेय. तरी एकही दार न वाजवता हजारोंचा नमुना मिळतो. अर्ज सिनॉप्सिसआधी टाका, परवानगी कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

वहीबाहेर:

पीएचक्यू-९ बद्दल थांबा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. दारोदार फिरणार म्हणजे तुमचे फॉर्म कागदी, निनावी, बंद पाकिटात. चार दिवसांनी पाकीट फोडलंत आणि तिथे ‘जवळजवळ रोज’ दिसलं तर काय कराल? कुणाचं पाकीट तेही माहीत नाही. एथिक्स कमिटी पहिला प्रश्न हाच विचारेल. उपाय: पीएचक्यू-८ वापरा, नववा प्रश्न वगळलेलं मान्य रूप. ० ते २४ गुण, नैराश्याची शक्यता दाखवणारी १० ची रेषा तीच. तो गेल्या दोन आठवड्यांचं विचारतो आणि तुमचा हिंसेचा भाग १२ महिन्यांचा आहे, हे मर्यादेत एका ओळीत टाका.

शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक असलेलं कार्ड प्रत्येकाला द्या, सरसकट. त्रास सांगणाऱ्यांनाच दिलंत तर कार्डच चुगली करेल. कार्डावर ‘अत्याचार’ शब्द नको, ‘ताणतणावासाठी मोफत सल्ला’ पुरे.

घरात भरून घेऊ नका. दोन खोल्यांच्या घरात बायको चहा घेऊन येतेच, आणि तेव्हा सगळ्या खुणा ‘कधीच नाही’वर सरकतात. सोसायटीचं ऑफिस, मंडळाची खोली, देवळाचा ओटा, काहीही चालेल, फक्त तिसरा माणूस तीन-चार हात लांब हवा. तुम्ही स्त्री संशोधक आहात तर कागद त्यालाच भरू द्या, वाचून दाखवू नका. लिहितावाचता येत नसेल तरच पुरुष सहकारी.

गुगल फॉर्म ठेवायचाच असेल तर शीर्षक ‘वैवाहिक नातं आणि आरोग्य’. फॉर्मचं नाव ब्राउझरच्या इतिहासात राहतं आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की मोठ्या अक्षरांत दिसतं. ईमेल गोळा करण्याची सोय बंद. ‘एकच प्रतिसाद’ ही सोयही बंद, ती लावली की लॉगिन मागते आणि निम्मे तिथूनच परत फिरतात. प्रश्नांचा क्रम: आधी घर, काम, मुलं, मग नैराश्य, मग ‘मी पत्नीला’, शेवटी ‘पत्नीने मला’. नैराश्य हिंसेनंतर विचारलं तर हिंसेच्या आठवणीचा रंग त्याला चढतो, आणि दोन चलांतला संबंध तुम्ही स्वतःच वाढवून ठेवता.

ओंजळ:

पीएचक्यू-८ आणि मतदार यादी दोन्ही सिनॉप्सिसमध्ये घेते. शेवटचं एकच: खात्री करायला त्याच घरातल्या पत्नीचाही फॉर्म घ्यावा का? गाईड म्हणतात, दोन्ही बाजू आल्या तर सप्रमाणता (मोजमापाचा खरेपणा) वाढेल.

वहीबाहेर:

नाही. सप्रमाणता वाढेलही, पण दोघांनाही कळेल की समोरच्याला हेच विचारलंय, आणि रात्री ‘तू काय लिहिलंस’ सुरू होईल. एका घरातल्या एकाच व्यक्तीला हिंसेबद्दल विचारायचं, हा दंडक एनएफएचएसही पाळतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सुरक्षाविषयक सूचनांमागेही हीच भीती आहे. बायकांची बाजू हवीच असेल तर यादीतले वेगळे भाग निवडा, तिथे फक्त स्त्रियांना विचारा आणि दोन्ही गटांचे सरासरी गुणांक शेजारी ठेवा. जोडीजोडीने जुळणार नाहीत, पण स्त्रिया स्वतःबद्दल सांगतात ते आणि पुरुष त्यांच्याबद्दल सांगतात ते, यात किती अंतर आहे एवढं कळेल. गाईडना हे पटलं नाही तर ते आधी एथिक्स कमिटीकडे लेखी विचारून घ्या, त्यांचं उत्तर सिनॉप्सिसला जोडा.